बस्ता, व्ही. पी. आणि मोबाईल

पिंपळवंडीच्या बाजूला लग्न ठरले की लगोलग बस्त्याचा दिवस ठरतो. दोन्हीकडची वीस-पंचवीस माणसे गाड्या करून निघतात. कोणी नारायणगावास, कोणी जुन्नरास, आणि हात सढळ असला तर थेट पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यास. दुकानदार मंडळींना पांढऱ्या गादीवर बसवतो, चहा येतो आणि घड्या उलगडू लागतात. नवरीचा शालू, करवल्यांच्या साड्या, आत्याबाईंचे नऊवारी, मामांचा फेटा, आहेराच्या टॉवेल-टोप्या असे करता करता दिवस मावळतो. आता त्याच घरातल्या मुली हळदीचे पिवळे कपडे मोबाईलवर पाहून मागवतात, आणि पार्सल घेऊन येणारा मुलगा चाळकवाडीच्या टोलनाक्याशी गाडी उभी करून फोनवर विचारतो, “मळा कोणता? पुढे यायचे कसे?”

या दोन रीतींपैकी चांगली कोणती, असे आम्हांला पुष्कळदा विचारण्यात येते. आमच्या मते प्रश्न असा घालू नये. पारख आधी होते की पैसे आधी जातात, आणि पारख चुकली तर तोटा कोणाच्या पदरात पडतो, एवढे पाहावे.

घरबसल्या माल मागवणे ही काही कालपरवाची गोष्ट नव्हे. आपल्याकडे टपालखात्याने व्ही. पी.ची पद्धत १८७७ साली सुरू केली. जाहिरात पाहून पत्र टाकायचे, आणि पोस्टमन आला की पैसे मोजून व्ही. पी. सोडवायची. अमेरिकेत थोडे आधी, १८७२ साली, माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने शिकागोहून खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांस टपालाने माल धाडण्यास आरंभ केला. गावच्या दुकानदाराच्या भावाला लोक कंटाळले आहेत, हे त्याने हेरले होते. परंतु न पाहिलेल्या मालावर विश्वास कोण ठेवणार? म्हणून १८७५ साली त्याने माल पसंत न पडल्यास पैसे परत देण्याचे वचन दिले. आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१० साली माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय काढली, तेव्हा आमच्या पिढीला वाटले, ही तर आपली व्ही. पी.च! फरक इतकाच की तेव्हा नापसंत माल परत करण्याची खटपट गिऱ्हाइकानेच करायची. आता परत न्यायला माणूस दाराशी येतो. निदान यावा, अशी अपेक्षा असते.

कापडाच्या पारखीत मात्र दुकानाची बाजू निःसंशय वरचढ आहे. जुनी माणसे साडी उचलून उंबऱ्याशी उजेडात नेतात, त्यात शास्त्र आहे. दिव्याच्या प्रकाशात सूर्यप्रकाशातले सगळे रंग त्याच प्रमाणात नसतात. त्यामुळे आत जुळलेली साडी आणि ब्लाऊज बाहेर येताच निराळी दिसतात. मोबाईलवर ही फसगत दोनदा होते, एकदा चित्र काढताना आणि एकदा आपल्या पडद्यावर. पुन्हा चित्राला चिमटीत धरता येत नाही. सुती कापड चुरगाळून सोडले की सुरकुत्या राहतात, पॉलिएस्टर बहुधा सावरते. एखादा धागा ओढून जाळला तर सुताची राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. येवल्याची पैठणी घेताना पदर उलटून पाहावा; हातमागावरची नक्षी मागूनही जवळजवळ तशीच दिसते, यंत्रावरच्या नकलेत बहुधा सुटे धागे लोंबतात. फोनवर विकणारा फक्त उजवी बाजू दाखवत असेल, तर उलट्या बाजूचे चित्र मागावे.

मापाचा घोळ तर विचारूच नका. एका कंपनीचा ‘एल’ दुसरीच्या ‘एम’एवढा निघतो, कारण प्रत्येकीचा तक्ता वेगळा, आणि त्यांतले पुष्कळसे इंग्लंड-अमेरिकेच्या अंगयष्टीवरून बेतलेले. म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे ‘निफ्ट’ने, सहा शहरांत २५ हजारांहून अधिक भारतीयांची मापे घेण्याची पाहणी हाती घेतली. आपल्यापुरता उपाय सोपा आहे. नीट बसणारा एक कुर्ता पाटावर पसरून टेपाने मोजावा आणि अक्षर न पाहता इंच पाहावेत. तक्त्यातला आकडा अंगाचा आहे की कपड्याचा, तेही पाहावे. दोहोंत दोन-चार इंचांचे अंतर सहज असते.

इतके सांगूनही दुकानाची बाजू घेऊन आम्ही मोकळे होणार नाही. बस्त्याच्या गादीवर बोलते कोण? चुलते बोलतात, मामी बोलतात, व्याही भाव पाडतात. जिने नेसायचे ती कोपऱ्यात मान खाली घालून बसलेली. आमच्याच घरातल्या एका सुनेने लग्नानंतर तेरा वर्षांनी सांगितले की तिचा शालू तिला त्या दिवशीही आवडला नव्हता. आतले कपडे पुरुष विक्रेत्याकडे मागताना होणारा संकोच, किंवा ‘तुमच्या मापाचे नाही’ हे चारचौघांत ऐकणे, हे ज्यांनी सोसले त्यांनाच ठाऊक. अशा बाईला मोबाईलवर स्वतःच्या मनाने निवडण्याचा आनंद मिळत असेल, तर आम्ही तिला काय म्हणून अडवावे?

उलट, ‘कांद्याची पट्टी आली की देतो’ एवढ्या शब्दावर गठ्ठा बांधून देणारा गावचा दुकानदार फोनमध्ये भेटत नाही. तेथे हप्ते मिळतात. भाव पडला म्हणून थांबणारा कोणी नसतो.

राहिला तोट्याचा प्रश्न. पुष्कळ दुकानांत ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी असते. सदोष मालापुढे ती पाटी चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याप्रमाणे सदोष वस्तू पावतीतल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. पण पावती हवी ना! बस्त्यात आपण हजारोंची खरेदी करतो आणि कच्ची चिठ्ठी खिशात घालून येतो. ऑनलाईन विक्रीसाठी २०२० साली वेगळे नियम झाले. माल सदोष निघाला किंवा दाखवल्यासारखा नसला, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हावे लागते. ‘आवडला नाही’ हा मात्र कायद्याने दोष नव्हे. तेथे कंपनीने आपण होऊन दिलेली सवलत, नाहीतर दुकानदाराची मर्जी.

गेल्या वर्षी आमच्या भाचीने किरमिजी ओढणी मागवली, ती विटकरी आली. परत नेणारा माणूस ‘पत्ता सापडला नाही’ अशी नोंद करून दोनदा माघारी गेला आणि मुदत संपली. मळ्यात राहणाऱ्यांच्या वाट्याला हे नेहमीच येते. भाची गप्प बसली. बसायला नको होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेवढ्याने भागले नाही, तर २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते. कंपनी बंगळूरची असली तरी पिंपळवंडीच्या माणसाने पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे जावे, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला त्यासाठी शुल्कही नाही. परंतु पुरावा लागतो. पार्सल फोडताना घरातल्या कोणीतरी त्याचे मोबाईलवर चित्रण करावे, माघारीची खोटी नोंद दिसली की त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवावे, आणि वेष्टनावरची पत्त्याची चिठ्ठी जपून ठेवावी. भाचीची चिठ्ठी आम्ही मागितली, तेव्हा ती वेष्टनासकट बंबात गेली होती.