सेनापती राजभवनात : जनरल श्रीनागेश यांची कारकीर्द

वऱ्हाडचा एकोणिसाव्या शतकातील राज्यकारभार जो कोणी जुन्या दफ्तरांतून अभ्यासावयास बसेल, त्याला प्रथमच हे ध्यानात घ्यावे लागते की, या सुपीक मुलखाचे भवितव्य लढाईच्या मैदानावर ठरले नसून एका फौजेच्या थकलेल्या पगाराच्या हिशेबात ठरले. हैद्राबाद कंटिंजंट या नावाने ओळखली जाणारी ही फौज निजामाच्या नावावर असली तरी तिच्यावर अंमलदार इंग्रज, हुकूम रेसिडेंटाचा, आणि खर्च तेवढा निजामाचा, अशी तिची विलक्षण व्यवस्था होती. तो खर्च तुंबत गेला, कर्जाचा आकडा फुगला, आणि २१ मे १८५३ च्या तहाने निजाम नासिरुद्दौला यास वऱ्हाडचा वसूल कंपनी सरकारच्या हवाली करावा लागला. पाच हजारांहून कमी नाही इतके पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने यांच्या पोटाला आमच्या वरूड-मोर्शीपासून बुलढाण्यापर्यंतच्या रयतेचा शेतसारा जाऊ लागला. पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झन यांनी सालिना २५ लाख रुपयांच्या बोलीवर हा मुलूख कायमच्या पट्ट्याने घेतला, तेव्हा निजामाकडे वऱ्हाडवरील नाममात्र सार्वभौमत्व आणि तोफांची सलामी याखेरीज फारसे काही उरले नाही.

या प्रस्तावनेचे प्रयोजन असे की, स्वतंत्र भारताच्या सेनाप्रमुखांपैकी निवृत्तीनंतर जो पहिला राज्यपाल झाला, तो म्हणजे जनरल श्रीनागेश, याच फौजेच्या वारसदार पलटणीतून वर आला होता. १९०३ साली कंटिंजंट मोडून तिच्या पलटणी हिंदी सैन्यात सामील झाल्या, १९२२ च्या पुनर्रचनेत त्यांची एकोणिसावी हैद्राबाद रेजिमेंट झाली, आणि १९४५ साली तिला कुमाऊँ हे नाव मिळाले. तिची दुसरी पलटण ‘बेरार’ हे नाव लावीत आली, तर चौथीचे मूळ एलिचपूरचा नवाब सलाबतखान याने पदरी ठेवलेल्या शिपायांपर्यंत जाते, असे रेजिमेंटची परंपरा सांगते. एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर, आणि परतवाड्याच्या वस्तीला अजून चिकटून राहिलेले ‘अचलपूर कॅम्प’ हे नाव कंटिंजंटच्या तेथील छावणीचेच.

सत्यवंत मल्लण्णा श्रीनागेश यांचा जन्म ११ मे १९०३ रोजी कोल्हापुरात झाला. वडील निजामाचे खाजगी वैद्य. मुलाचे शिक्षण इंग्लंडात, डेव्हनमधील वेस्ट बकलंड शाळेत आणि नंतर सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात. १९२३ साली त्यांना किंग्ज कमिशन मिळाले. त्या काळी हे भाग्य मोजक्याच हिंदी तरुणांच्या वाट्याला येई, आणि ज्यांच्या वाट्याला येई त्यांनाही मेसमध्ये आपण पाहुणे आहोत की यजमान, हे ठरविण्यात काही वर्षे घालवावी लागत. ते प्रथम मद्रास पायोनियर्समध्ये होते. ते दल मोडल्यावर चौथ्या हैद्राबाद पलटणीत आले, आणि तेथेच कोडगूचे थिमय्याही होते. एकाच पलटणीतील हे दोघे अधिकारी पुढे लागोपाठ भूसेनाप्रमुख झाले. याच पलटणीचे मेजर सोमनाथ शर्मा ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगाम येथे पडले आणि पहिल्या परमवीरचक्राचे मानकरी झाले.

मधल्या पायऱ्या येथे भरभर ओलांडल्या तरी चालेल. महायुद्धात त्यांनी सहाव्या हैद्राबाद पलटणीचे आधिपत्य केले, युद्ध संपल्यावर बर्लिनमधील भारतीय लष्करी मिशनमध्ये ते होते, आणि १९४८ च्या काश्मीर-संग्रामात पाचव्या कोअरची धुरा त्यांच्याकडे आली. १९४९ च्या जानेवारीत करिअप्पा सरसेनापती होताच पश्चिम विभागाचे सेनापतिपद श्रीनागेशांकडे आले; तेथे चार वर्षे आणि पुण्याच्या दक्षिण विभागात दोन वर्षे काढून १४ मे १९५५ रोजी ते भूसेनाप्रमुख झाले.

त्यांच्या प्रमुखपदाच्या दोन वर्षांतील एकच घटना या लेखास अत्यंत प्रस्तुत आहे. १९५६ च्या मार्चमध्ये नागा बंडखोरांनी आपले ‘संघीय सरकार’ घोषित केले, मुलकी पोलिसांच्या हाताबाहेर प्रकरण गेले, आणि नागा टेकड्यांत मोठ्या प्रमाणावर सैन्य धाडण्यात आले. निर्णय अर्थातच मंत्रिमंडळाचा होता. परंतु त्या डोंगरांत कोणती पलटण जावी, रसद कोणत्या वाटेने पोहोचावी, याची अखेरची जबाबदारी ज्या टेबलावर येऊन थांबत होती ते टेबल श्रीनागेशांचे होते.

मे १९५७ मध्ये थिमय्यांकडे सूत्रे देऊन ते निवृत्त झाले आणि हैद्राबादेत नव्याने स्थापन झालेल्या प्रशासकीय अधिकारी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. हे महाविद्यालय बेला व्हिस्टा या प्रासादात भरत असे. तो प्रासाद निजामाचे ज्येष्ठ पुत्र आझम जाह यांचे निवासस्थान. १९३६ पासून या शाहजाद्यास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब होता, आणि ज्या वऱ्हाडचा तो युवराज म्हणविला जाई त्या वऱ्हाडात त्याचा एका तलाठ्यावरही हुकूम चालत नव्हता! ज्या वास्तूत हा किताब नांदला त्या वास्तूत एका निवृत्त सेनापतीने सरकारी आणि खाजगी क्षेत्रांतील अधिकाऱ्यांना कारभाराचे शास्त्र शिकवावे, हा योगायोग मला तरी अर्थपूर्ण वाटतो. कारण थोड्याच दिवसांनी त्यांना जे पद मिळावयाचे होते त्यातही मान पुष्कळ आणि हुकूमत थोडी होती.

१४ ऑक्टोबर १९५९ रोजी ते आसामचे राज्यपाल झाले. सैनिकाने गव्हर्नरी करण्याची परंपरा इंग्रजी अमदानीत जुनी होती. फील्ड मार्शल वेव्हेल हे तर सरसेनापतिपदावरून थेट १९४३ साली व्हाइसरॉय झाले, आणि आल्याबरोबर दुष्काळग्रस्त बंगालमध्ये धान्यवाटपाच्या कामी त्यांनी फौज लावली. ते व्हाइसरॉयला शक्य होते, कारण तो स्वतःच सरकार होता. हैद्राबादेत १९४८ साली लष्करी प्रशासक म्हणून बसलेल्या जनरल चौधरींनाही ते शक्य होते. राज्यघटनेच्या १६३ व्या अनुच्छेदाखाली काम करणाऱ्या राज्यपालास ते शक्य नाही. त्याने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावयाचे. १९६० च्या जुलैत आसामात भाषेवरून दंगली उसळल्या, ऑक्टोबरात राजभाषा विधेयक मंजूर झाले, आणि १९ मे १९६१ रोजी सिलचर येथे गोळीबारात अकरा माणसे मेली. या सर्व प्रकरणी निर्णयाचा अधिकार मुख्यमंत्री विमलाप्रसाद चलिहा यांच्या सरकारचा होता. ज्याने चार वर्षांपूर्वी लाखो सैनिकांना आज्ञा दिली होती, त्यास आता शिलाँगच्या राजभवनात कागद वाचावे लागत आणि त्यांवर सही करावी लागे. मुंबई राज्य फुटून महाराष्ट्र झाला त्याच वर्षीच्या या भाषिक दंगली, म्हणून मराठी वाचकास त्यांचा दाह निराळा समजावून सांगावयास नको.

परंतु आसामच्या राज्यपालाचे आणखी एक रूप होते, आणि ते अन्य राज्यपालांना नव्हते. राज्यघटनेच्या सहाव्या परिशिष्टाप्रमाणे ईशान्य सीमा प्रदेश तसाच नागा मुलूख यांचा कारभार तो राष्ट्रपतींचा प्रतिनिधी म्हणून पाही, आणि तेथे प्रांतिक मंत्रिमंडळाचा संबंध नसे. सल्लागार म्हणून शिलाँगला होते व्हेरियर एल्विन, ज्यांनी आपल्याच मध्यप्रांतात मंडल्याच्या गोंड-बैगांमध्ये आयुष्याची उमेदीची वर्षे घालविली होती. १९६० च्या जुलैत नागा लोकपरिषदेच्या पुढाऱ्यांशी दिल्लीत सोळा कलमी करार झाला. १९६१ च्या फेब्रुवारीत कोहिमा येथे अंतरिम मंडळाचे काम सुरू झाले, आणि त्याचे अध्यक्ष डॉ. इमकोंगलिबा आओ यांची त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हत्या झाली. तरीही मंडळ मोडले नाही, आणि १ डिसेंबर १९६३ रोजी नागालँड राज्य अस्तित्वात आले. ज्या डोंगरांत आपल्या सहीने पलटणी गेल्या, त्याच डोंगरांत मुलकी कारभाराची पायाभरणी होत असता त्याची जबाबदारी त्याच गृहस्थाने सांभाळावी, असा प्रसंग आपल्या सैन्याच्या इतिहासात क्वचितच आला असेल. करार घडविण्याचे श्रेय नेहरूंचे आणि नागा पुढाऱ्यांचे आहे. परंतु बंदुकीने काय साधते आणि कोठे ती निरुपयोगी होते, हे अनुभवाने जाणणारा मनुष्य त्या वेळी शिलाँगला होता, ही गोष्ट लहान नव्हे.

सप्टेंबर १९६२ मध्ये, म्हणजे चीनचे आक्रमण होण्याच्या सहाच आठवडे आधी, त्यांची बदली आंध्र प्रदेशात झाली. सरहद्द पेटण्याच्या ऐन तोंडावर ती जाणणाऱ्या सेनापतीला हैद्राबादेस हलवावे, हा निर्णय शहाणपणाचा होता असे म्हणवत नाही. अर्थात शिलाँगला राहून त्यांनी लढाईचा निकाल बदलला असता, हेही म्हणणे भोळेपणाचे. मे १९६४ मध्ये ते म्हैसूरला गेले आणि २ एप्रिल १९६५ रोजी तेथून निवृत्त झाले. त्यांच्यानंतर कृष्ण राव, रॉड्रिग्ज, जे. जे. सिंग असे अनेक सेनाप्रमुख राजभवनांत गेले. श्रीनागेशांच्या राज्यपालपदाची हैद्राबाद-म्हैसूरमधील वर्षे केवळ औपचारिक होती, ती कोणाही सभ्य गृहस्थाने तशीच काढली असती. आसामातील तीन वर्षांना मात्र त्याच माणसाची गरज होती. २७ डिसेंबर १९७७ रोजी त्यांचे निधन झाले.