महिन्यांची नावे : रोमपासून सोलापूरपर्यंत

सोलापूर आणि पंचांग यांचे नाते जुने आहे. घरोघरी पाहिले जाणारे दाते पंचांग शंभराहून अधिक वर्षे याच शहरातून प्रसिद्ध होत आले आहे. येथील ख्रिस्ती कुटुंबांनाही शेतशिवारातील चैत्र-वैशाख आणि चर्चच्या दिनदर्शिकेतील जानेवारी-फेब्रुवारी असे दोन्ही महिने परिचित असतात. 'चैत्र, श्रावण ही नावे आपण आपली म्हणावीत काय?' असा प्रश्न काही श्रद्धावंतांना पडू शकतो. त्यासाठी या नावांचे मूळ पाहणे उचित ठरेल.

मराठी महिन्यांची नावे नक्षत्रांवरून आली आहेत. पौर्णिमेचा चंद्र चित्रा नक्षत्राच्या आसपास असतो तो चैत्र. विशाखेवरून वैशाख, श्रवणावरून श्रावण. ही आकाशनिरीक्षणाची भाषा आहे. याउलट, जानेवारी हे नाव रोमन द्वारदेवता जानुस हिच्यावरून व मार्च हे युद्धदेवता मार्स हिच्यावरून आले. जुलै व ऑगस्ट हे महिने ज्युलियस सीझर व सम्राट ऑगस्टस यांची स्मृती जपतात. इ. स. १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी दिनदर्शिकेतून दहा दिवस वगळून कालगणना सुधारली. नावे मात्र तशीच ठेवली.

पुढील चार नावे केवळ संख्यावाचक आहेत. प्राचीन रोमन वर्ष मार्चपासून सुरू होई. म्हणून आज नववा असलेला सप्टेंबर तेव्हा सातवा होता. लॅटिन 'सेप्तेम', 'ऑक्तो', 'नोवेम', 'देसेम' आणि संस्कृत 'सप्त', 'अष्ट', 'नव', 'दश' हे एकाच भाषाकुलातील सगोत्र शब्द होत. आपले सात, आठ, नऊ, दहा याच घराण्यातले!

कोलकात्याच्या संत तेरेसा यांची मातृभाषा अल्बेनियन होती. त्या भाषेने रोमन पद्धत स्वीकारली, परंतु शब्द स्वतःचे वापरले. सात म्हणजे 'श्तात', म्हणून सप्टेंबर झाला 'श्तातोर'. याच महिन्यात, ५ तारखेला, संत तेरेसांचा स्मरणदिन येतो. फेब्रुवारी हा 'श्कुर्त', म्हणजे आखूड महिना. जूनचे नाव चेरीच्या फळावरून, तर जुलैचे पिकाच्या कापणीवरून पडले आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. रोमन देवतांची नावे उच्चारल्याने ख्रिस्तसभेच्या श्रद्धेला बाध आला नाही. मग नक्षत्रांची नावे उच्चारल्याने तो कसा येईल? प्रभू येशूच्या पुनरुत्थानाचा सण तर २१ मार्च वा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, आणि ती पौर्णिमा पुष्कळदा चैत्राचीच असते. कोणत्याही नावाने मोजला तरी काळ परमेश्वराचाच आहे. आपल्या मातीतील महिन्यांची नावे आपण निःसंकोचपणे मुलांना शिकवावीत.