जुन्या बंदुकीची कळ : अस्सल की नक्कल?

समजा, निरगुडसरच्या शाळेतल्या एका मुलीने घराच्या माळ्यावर सापडलेली एक लोखंडी वस्तू फडक्यात गुंडाळून वर्गात आणली. वीतभर लांबीची पट्टी, तिच्यावर हंसाच्या मानेसारखा वाकलेला घोडा, मागच्या बाजूला मोडकी कमान. आजोबांचे म्हणणे, ही शिवकाळातल्या बंदुकीची कळ आहे. जुन्या वस्तू विकत घेणारा एक जण म्हणतो, ही तर दिवाणखान्यात टांगायच्या शोभेच्या बंदुकीची, वजनावर देऊन टाका. मुलगी विचारते, "सर, खरे काय?"

शिवनेरीच्या परिसरात असा प्रश्न येणे अगदी स्वाभाविक आहे. उत्तर देण्यासाठी शिक्षकाला शस्त्रांचा जाणकार असण्याची गरज नाही. भिंग, तराजू, मोजपात्र आणि फूटपट्टी यांच्या बळावर बरीच मजल मारता येते.

पण आधी एक ताकीद. कळ सुटी असेल तर भीती नाही. नळीसह अख्खी बंदूक असेल, तर ती भरलेली आहे असे समजूनच वागावे. ठासलेली काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेट घेते. नळी तापवू नये, तिच्यात गज ठोकू नये, मुलांच्या हाती देऊ नये. जाणत्या माणसाकडून किंवा पोलिसांकडून ती तपासून घ्यावी. दुसरे म्हणजे, वस्तू घासूनपुसून लख्ख करू नये. सँडपेपरने अर्ध्या तासात जो पुरावा जातो तो पुन्हा मिळत नाही.

आता आकार पाहू. शिवकाळात आपल्याकडे सर्रास वापरात होती ती तोड्याची बंदूक. जळता तोडा एका चिमट्यात धरलेला असे. चाप ओढला की तो रंजकात टेकायचा. तिची यंत्रणा बहुधा दस्त्याच्या आतच असे. घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरून ती पोलादी तव्यावर आपटवणारी चकमकीची कळ आपल्याकडे मोठ्या संख्येने पसरली ती अठराव्या शतकात, युरोपीय कंपन्यांच्या पलटणींबरोबर. म्हणजे मुलीने आणलेली वस्तू अस्सल असली तरी आजोबांचा काळ बहुधा शंभरेक वर्षांनी चुकतो आहे. हे आजोबांना सांगण्याचे काम मात्र जपून करावे लागेल.

यानंतर धातू. शोभेच्या बंदुकांचे भाग बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले असतात. चुंबक लावून पाहा. चिकटला नाही तर लोखंडाचा प्रश्नच मिटला. मग कळीचे वजन करून ती दोऱ्याने पाण्यात बुडवा आणि किती पाणी सरले ते मोजा. वजन १८० ग्रॅम आणि सरलेले पाणी २३ मिलिलिटर असेल, तर घनता ७.८ येते, हे घडीव लोखंड किंवा पोलाद. पाणी २७ मिलिलिटर सरले तर घनता ६.७, म्हणजे जस्ताचा मिश्रधातू. ओतीव लोखंड साधारण ७.२ च्या आसपास येते. मोडकी कमान आणि गंजाचे थर यांमुळे आकडा थोडा हलतो. म्हणून तीनदा मोजावे आणि वस्तू लगेच नीट कोरडी करावी.

सगळ्यात जास्त बोलतो तो गंज. सावकाश, वर्षानुवर्षे चढलेल्या गंजात धातूला लागून काळसर, घट्ट थर असतो आणि त्यावर तपकिरी. मीठ किंवा आम्ल लावून महिन्याभरात आणलेला गंज नारिंगी, भुसभुशीत असतो, बोटाला लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गंज *कुठे* आहे. बंदूक उडाली की रंजकाच्या ताटलीभोवती दारूची राख बसते. तिच्यातले पोटॅशियमचे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात, म्हणून वापरलेल्या कळीवर ताटलीच्या आसपास खड्डे जास्त. उलट, दस्त्याच्या लाकडात बसणारी आतली बाजू त्या मानाने शाबूत. घोड्याचा अंगठ्याने ओढायचा भाग झिजून गुळगुळीत झालेला. नकली माल बादलीत बुडवून जुना केलेला असतो. त्यामुळे आत, बाहेर, कोपऱ्यात, सगळीकडे एकसारखे खड्डे. शिपायाचा अंगठा कुठे पडतो याचा विचार त्या बादलीने केलेला नसतो.

हा प्रयोग वर्गात करता येतो. चार खिळे घ्या. दोन नुसत्या ओल्या कापडात ठेवा, दोन मीठ आणि व्हिनेगर लावून. महिनाभर दर आठवड्याला भिंगातून पाहून चित्रे काढायला सांगा.

मळसूत्र काढता आले तर (जोर न लावता) त्याचे आटे मोजा. जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचे एक ठरावीक माप सुचवले ते १८४१ साली. त्याआधी प्रत्येक कारागिराचे आटे निराळे. एका बंदुकीचे मळसूत्र दुसरीला बसेलच असे नाही. फूटपट्टीवर दहा आटे बरोबर १० मिलिमीटरमध्ये बसले आणि मळसूत्र ६ मिलिमीटर जाडीचे निघाले, तर ते आजच्या हार्डवेअरच्या दुकानातलेच समजा. तेवढ्यावरून कळ खोटी ठरत नाही. कुणीतरी दुरुस्ती केली असेल. पण सगळीच मळसूत्रे तशी असतील तर संशय घ्यायला हरकत नाही.

खुणांवर माणसाचा विश्वास लगेच बसतो, आणि नेमका तिथेच तो फसतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर आधी बदामाच्या आकाराची खूण असे, १८०८ च्या सुमारास तिच्या जागी मागच्या पायांवर उभा सिंह आला. ही खूण ठोकायला फार अक्कल लागत नाही. खैबर खिंडीकडच्या कारागिरांनी इंग्रजी बंदुकांच्या हुबेहूब नकला केल्या, पण इंग्रजी वाचता न येणाऱ्याने ठोकलेली अक्षरे कधी उलटी, कधी गाळलेली. व्हिक्टोरिया राणीची मोहर आणि खाली १९०१ नंतरचे साल, असेही नमुने आढळतात. राणी १९०१ च्या जानेवारीतच वारली होती!

इथे 'नक्कल' या शब्दाजवळ थोडे थांबायला हवे. महादजी शिंद्यांसाठी द बॉयने कवायती पलटणी उभ्या केल्या, तेव्हा आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा आणि बंदुका बनू लागल्या. नमुना युरोपीय, कारागीर इथले. कंपनीच्या बंदुकीशी ताडून पाहिले तर अशी कळ 'खोटी' ठरेल. पण ती अठराव्या शतकातली आहे, लढाईत वापरण्यासाठी केली आहे, आणि कुणालाही फसवण्यासाठी केलेली नाही. माझ्या मते तिचे मोल कंपनीच्या कळीपेक्षा काकणभर जास्तच. खोटेपणा वस्तूत नसतो, तिच्याबद्दल केलेल्या दाव्यात असतो.

परदेशी पुस्तकांतल्या कसोट्याही आपल्याकडे डोळे मिटून लावू नयेत. युरोपात जुन्या पद्धतीने केलेल्या पितळेत जस्त साधारण ३० टक्क्यांच्या पुढे जात नसे. म्हणून जास्त जस्त दिसले की तिथला तज्ज्ञ भुवया उंचावतो. पण राजस्थानात झावर येथे कित्येक शतके जस्ताचे ऊर्ध्वपातन होत होते. शुद्ध जस्त हाती असलेला आपला कारागीर हवे तेवढे मिसळू शकत होता.

प्रयोगशाळेत याच्या पुढे जाता येते. क्ष-किरणांनी, वस्तूला ओरखडाही न काढता, मिश्रधातूतली मूलद्रव्ये कळतात. भट्टीतल्या जुन्या घडीव लोखंडात मळीचे बारीक धागे असतात आणि मँगनीज सहसा नगण्य. बेसेमरच्या १८५६ च्या पद्धतीनंतर आलेल्या स्वस्त पोलादात मँगनीज मुद्दाम घातलेले असते. मग लाकडी दस्त्याचे कार्बन-१४ ने वय का काढत नाहीत? कारण साधारण १६५० ते १९५० या काळासाठी ती पद्धत एकाच मोजमापाला अनेक साले देते, आणि आपली सगळी गंमत नेमकी त्याच काळात आहे.

पुण्याला सहल नेलीत तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातली जुनी शस्त्रे मुलांना दाखवा, पण या वेळी नक्षीऐवजी घोडा, ताटली आणि मळसूत्रे पाहायला सांगा. दरम्यान त्या मुलीच्या कळीसाठी एक कार्ड करावे. वस्तू कुठे, कुणाला, कशाखाली सापडली, वजन, घनता, आटे, गंजाचे चित्र. आजोबांचे म्हणणेही, 'आजोबा सांगतात' असे लिहून, त्यात नोंदवावे. वस्तू शंभर वर्षांहून जुनी ठरली तर तिला १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो आणि ती परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, ही ओळही कार्डाच्या मागे असू द्यावी. तो घेणारा पुन्हा येईल तेव्हा घरच्यांना दाखवता येईल.