उलट गहाण : सहीपूर्वी शब्द तपासा

कापडाच्या धंद्यात ‘गहाण’ या शब्दाला आम्ही घाबरतो. आमच्या शाळेतल्या उर्दूत त्यालाच ‘रहन’ म्हणत. दुकान गहाण पडले अशी कुजबूज झाली, की उधारीवर थान मिळणे मुश्कील. म्हणून ‘रिव्हर्स मॉर्गेज’ म्हणजे उलट गहाण म्हटले की साठी ओलांडलेले दोस्त विचारतात, घर जाणार की राहणार? याचे उत्तर करारातील व्याख्यांत आहे.

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 58 सांगते, की गहाण म्हणजे कर्जाच्या हमीसाठी ठरावीक स्थावर मिळकतीतील हितसंबंध देणे. ती विक्री नव्हे. उलट गहाणात मालकी आणि ताबा घरमालकाकडेच राहतो. हप्ता मात्र बँक देते आणि व्याज मुद्दलावर चढत जाते. दरमहा 10,000 रुपये 15 वर्षे घेतले तर हाती 18 लाख येतात. दर 10 टक्के आणि दरमहा चक्रवाढ धरली, तर देणे होते सुमारे 41 लाख 45 हजार. ज्याला व्याज चालत नाही त्याने येथेच पान उलटावे. नाव नवे असले तरी ते व्याजच आहे.

2008 च्या वित्त कायद्याने असे गहाण ‘हस्तांतरण’ नाही आणि मिळणारी रक्कम ‘उत्पन्न’ नाही, असे ठरवले. म्हणजे हप्त्यावर आयकर नाही. वसुलीसाठी घर विकले गेले, तर भांडवली नफ्याचा प्रश्न तेव्हा येतो.

नॅशनल हाउसिंग बँकेने घालून दिलेल्या सूचनांत कर्जदार 60 वर्षांवरील हवा. जोडप्यात एक 60 वरील आणि दुसरा 55 च्या खाली नको. घर ‘स्वकष्टार्जित’ आणि ‘स्वतः राहते’ हवे. आपले लोक अडतात ते नेमके येथे. वालिदांच्या नावावरचे घर आपलेच, असे आपण धरून चालतो. पण शरियतप्रमाणे वडील गेल्याक्षणी आईचा, भावांचा, बहिणींचा हिस्सा त्यात पडतो. वाटणी वर्षानुवर्षे झाली नाही म्हणून तो हिस्सा बुडत नाही. अशा घरावर एकट्याची सही काय कामाची?

दुसरा शब्द ‘कायमचे घर सोडणे’. सर्वसाधारणपणे सलग एक वर्ष कोणीही कर्जदार त्या घरात राहिला नाही, तर घर सोडले असे धरतात आणि कर्ज वसुलीला येते. मुलाकडे आखाती देशात लांब मुक्कामाला जाणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावे.

वारसांसाठी एक कलम चांगले आहे. देणे घराच्या किमतीपेक्षा वाढले, तरी वरची रक्कम त्यांच्याकडून मागता येत नाही. कर्ज फेडून घर राखण्याची पहिली संधीही त्यांनाच. मात्र त्यासाठी मुदत दोन महिन्यांपर्यंतच. आमच्या बाजारात साध्या थानांची उधारी तीन-तीन महिने चालते!

सहीनंतर करार रद्द करायला कामाचे तीन दिवस मिळतात. तेवढ्यात सगळा कागद मुलामुलींना बसवून वाचून दाखवावा.