हात लांब, मासा लांब

पहिला दमदार पाऊस झाला, ओढे गढूळ होऊन फुगले, की वलगण सुरू होते. अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढणारे मासे धरायला वावर-वांगणीपासून खोडाळ्यापर्यंत माणसं रात्रीची बाहेर पडतात. हल्ली सकाळ होईपर्यंत फोटोही तालुकाभर फिरून येतात. पुढे धरलेली मरळ, मागे हसरा चेहरा आणि खाली आकडा: 'पाच किलो'. त्यावर लगेच कुणाचा तरी शेरा येतो, 'फेकू नको.'

या शेऱ्याने माणूस दुखावतो. रात्रभर भिजून त्याने मासा धरलेला असतो. म्हणून धरणाऱ्याला खोटं ठरवण्याआधी फोटो कसा काढला ते बघावं.

समजा, मोबाइल माणसापासून पाच फुटांवर आहे आणि त्याने मासा दोन्ही हात ताणून दोन फूट पुढे धरला आहे. म्हणजे मासा कॅमेऱ्यापासून तीनच फुटांवर आला. चेहऱ्याच्या मानाने तो पाच भागिले तीन, म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट मोठा दिसणार. दीड फुटाची मरळ अडीच फुटांची वाटते. वजनाचा घोटाळा याहून मोठा. मासा लांबीत वाढतो तसा रुंदीत आणि जाडीतही वाढतो, त्यामुळे लांबी दुप्पट झाली तर वजन आठपट होतं. इथे लांबी पावणेदोनपट दिसली, तर किलोभराची मरळ साडेचार किलोंच्या पुढची वाटू लागते. पाच किलोंचा आकडा असा येतो. तो सांगणाऱ्याच्या मनात पाप असेलच असं नाही, डोळ्यांनी जे पाहिलं तेच तो सांगतो.

पण त्याच फोटोत खरं मापही असतं. मासा धरणारी बोटं माशाइतकीच कॅमेऱ्याजवळ असतात, म्हणून तीही तेवढीच फुगलेली दिसतात. मासा चेहऱ्याशी ताडून बघू नका, बोटांशी बघा. मोठ्या माणसाचा तळवा चार बोटं मिळून साधारण आठ सेंटिमीटर रुंद असतो. असे किती तळवे माशाच्या लांबीत बसतात ते मोजलं की बराचसा वाद मिटतो. बोटं माशामागे लपवली असतील, तर मात्र शंका घ्यायला जागा आहे.

अमेरिकेत स्टीलहेड नावाचा मासा गळाला लावणाऱ्यांत हीच भांडणं चालतात. समुद्रात जाऊन नदीत परतणारा हा ट्राउट. तिथले लोक लांबी आणि घेर इंचांत मोजतात, लांबीला घेराने दोनदा गुणतात आणि 800ने भागून पौंडांत अंदाजे वजन काढतात. आपल्या मापात सेंटिमीटर घेऊन साधारण 29,000ने भागलं की किलो मिळतात. 50 सेंटिमीटर लांब आणि 25 घेराचा मासा किलोच्या थोडा वर भरतो. मरळीचा बांधा वेगळा, त्यामुळे थोडंफार इकडेतिकडे होईल. पण घेर मोजणारा थापा मारत नाही, एवढं नक्की.

शंकेचीही एक मर्यादा हवी. 1970 साली अलास्कात 19 किलोंचा स्टीलहेड गळाला लागला, तो धरणारा मुलगा आठ वर्षांचा होता. फोटोवर कुणी विश्वास ठेवला असता? मासा काट्यावर चढला म्हणून विक्रम नोंदला गेला. आपल्याकडे धरणांच्या पाण्यात वाढलेला कटला दहा किलोंच्या पुढे सहज जातो. तो धरणाऱ्याला नुसत्या फोटोवरून खोटं पाडणं हा अन्यायच आहे.

मला या वादाची खरी काळजी वेगळ्या कारणाने वाटते. अमेरिकेतल्या की वेस्ट बंदरावर पर्यटक आपले मासे फळ्यांवर टांगून फोटो काढत. 1956 ते 2007 या काळातले असे फोटो एका संशोधिकेने मोजले. माशाचं सरासरी वजन 19.9 किलोंवरून 2.3 किलोंवर आलं होतं. माणसांच्या चेहऱ्यावरचं हसू तेवढंच होतं. प्रत्येक पिढीला आपला मासा मोठाच वाटत होता. फळीचं माप माहीत होतं म्हणून ही घट पकडता आली. हात ताणून काढलेल्या फोटोंतून ती कधीच कळली नसती.

वैतरणेच्या काठी, वाड्याजवळ तिळसे इथे महादेवाच्या देवळापाशी महासीर मासे देवाचे म्हणून राखले आहेत. त्यांना कुणी धरत नाही. मोठा मासा कसा असतो ते तिथे डोळ्यांनी बघता येतं. इतर डोहांना असा देव नाही. नदीत स्फोटकं किंवा विष वापरून मासे मारायला 1897च्या कायद्यापासून बंदी आहे, तरी मोठ्या माशाच्या फोटोखाली डोहाचं नाव लिहिलं की तिथे कोण काय घेऊन पोचेल सांगता येत नाही. आणि डोहातली मोठी मादी लहानीपेक्षा कितीतरी जास्त अंडी घालते.

तेव्हा येत्या वलगणीत मासा ओल्या पानांवर आडवा ठेवा, शेजारी वीत ठेवा आणि वरून सरळ फोटो घ्या. खाली तारीख लिहा. डोहाचं नाव मात्र आपल्यापाशीच राहू द्या.