मीटिंग आणि मीतिंग

मीटिंग हा शब्द ठाऊक नाही असा माणूस आपल्या शहरात शोधून सापडायचा नाही. सोसायटीची मीटिंग, पालकांची मीटिंग, साहेबांशी मीटिंग, कारखान्याच्या फाटकावरची गेट मीटिंग. एका शब्दात आपण सारे भागवतो. इंग्रजीतही हा शब्द असाच पोतडीसारखा आहे. दोन माणसे टेबलाशी बसली तरी मीटिंग आणि दहा हजार मैदानात जमली तरी मीटिंग. इंग्रजी शिकणारा रशियन माणूस नेमका याच साध्या शब्दापाशी अडखळतो. कारण तो शब्द त्याच्या भाषेत आधीपासून आहे, पण त्याचा अर्थ निराळा आहे.

रशियनमध्ये त्याचा उच्चार 'मीतिंग' असा होतो आणि रूढ अर्थ एकच : उघड्या जागेवरची, बहुधा राजकीय, जाहीर सभा. इंग्रज सोबती म्हणाला, "मला साहेबांबरोबर मीटिंग आहे," तर नवशिक्या रशियनाच्या डोळ्यांपुढे झेंडे आणि फलक उभे राहायचे!

असे का झाले? शब्द परक्या भाषेत शिरतो तेव्हा आपले सगळे बिऱ्हाड घेऊन शिरत नाही. घरगुती बैठकांसाठी रशियनांजवळ स्वतःचे शब्द होतेच. दोघांची भेट ती 'व्स्त्रेचा', सभासदांची सभा ती 'सब्रानिये', कामकाजाचा विचारविनिमय तो 'सवेश्चानिये' आणि समितीची बैठक ती 'झसिदानिये'. नव्हती ती मोकळी जाहीर सभा. झारच्या राज्यात तिला वावच नव्हता. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतील राजकीय सभांच्या निमित्ताने हा शब्द रशियन लिखाणात आला. पुढे ऑगस्ट 1905 मध्ये विद्यापीठांना स्वायत्तता मिळाली, आणि त्या शरदात पीटर्सबर्ग व मॉस्कोचे कामगार विद्यापीठांच्या दालनांत सभांना गर्दी करू लागले. 1917 साली तर चौकाचौकांत सभा भरल्या. पुस्तकातला शब्द असा कामगाराच्या तोंडी बसला.

एप्रिल 1918 मध्ये लेनिननेही लिहिले की, वसंतातल्या पुरासारख्या उसळणाऱ्या या सभांच्या लोकशाहीला कामाच्या वेळच्या कडक शिस्तीची जोड हवी. मार्च 1922 मध्ये मायकोव्हस्कीने एका कवितेत अखंड बैठकांत बुडालेल्या अधिकाऱ्यांची टर उडवली, आणि धातुकामगारांच्या परिषदेच्या वेळी केलेल्या भाषणात लेनिनने तिची तारीफ केली. ध्यानात घ्या, ती थट्टा 'झसिदानिये'ची होती, 'मीतिंग'ची नव्हे. इंग्रजीत दोहोंना मीटिंगच म्हटले, तर विनोदाचा अर्धा रस सांडतो.

रस सांडला तर एक वेळ चालेल. पण हाच शब्द माणसाला अडचणीतही आणू शकतो. रशियाच्या 2004 च्या कायद्यात 'सब्रानिये' आणि 'मीतिंग' यांच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत. ठरलेल्या दालनात बसून चर्चा करायची तर सरकारला आगाऊ सूचना देण्याची सक्ती नाही; मीतिंग घ्यायची तर ती द्यावी लागते. आता समजा, एखाद्या कामगाराने इंग्रजीत लिहिले, "आमची युनियनची मीटिंग झाली," आणि दुभाष्याने सरळ 'मीतिंग' लिहून टाकले. बंद खोलीतली सभासदांची सभा कागदावर विनासूचना केलेली जाहीर सभा होऊन बसेल! चूक दुभाष्याची आणि जाब द्यावा लागेल कामगाराला. माझे आयुष्य सभांची इतिवृत्ते लिहिण्यात गेले आहे. इतिवृत्तातला एक शब्द किती महाग पडतो, हे मला निराळे सांगावे लागत नाही.

उलट दिशेने जातानाही तीच खबरदारी हवी. आपल्या 'मीतिंग'बद्दल इंग्रजीत सांगताना रशियन माणसाने 'रॅली' म्हणावे. नुसते मीटिंग म्हटले तर ऐकणाऱ्याला कचेरीतली बैठक वाटेल. अलीकडे मात्र रशियातल्या संगणक-कंपन्यांत तरुण मंडळी कचेरीच्या बैठकीलाही 'मीतिंग' म्हणू लागली आहेत. चौकात गेलेला शब्द दुसऱ्या दाराने टेबलाशी आला आहे. तेव्हा आता शब्दाबरोबर बोलणाराही पाहावा लागतो.

यावर उपाय साधा आहे. मीटिंग हा शब्द दिसला की तीन प्रश्न विचारावेत : माणसे किती, जमली कुठे, आणि कशासाठी? उत्तरे मिळाली की योग्य रशियन शब्द आपोआप सापडतो. आपणही हे प्रश्न स्वतःला विचारून पाहावेत. भेट, बैठक, सभा, मेळावा, द्वारसभा असे नेमके शब्द आपल्या घरात आहेत. घरात मापे असताना सगळे मुठीनेच का मोजावे?