मैत्रिणींची कादंबरी आणि नगरची शाळा

यमू आणि दुर्गी ही मराठी कादंबरीतील मैत्रिणींची एक जुनी आणि ठसठशीत जोडी. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले आणि त्यातूनच 'पण लक्षात कोण घेतो' ही त्यांची कादंबरी क्रमशः वाचकांसमोर आली. यमू स्वतःची कहाणी स्वतःच सांगते. दुर्गी तिची बालमैत्रीण. मात्र या दोघींच्या वाट्याला मैत्रीची वर्षे फार थोडी येतात. खेळण्याच्या वयातच लग्ने होतात. दुर्गीला नवऱ्याचा जाच सोसावा लागतो, तर यमूला काही काळ सुखाचा संसार आणि पुढे अकाली वैधव्य येते.

किशोरवयीन मुलींची मैत्री आणि त्यांचे मोठे होणे हा आज जगभर कादंबरीचा लोकप्रिय विषय आहे. या कादंबऱ्यांत रुसवेफुगवे असतात, गुपिते असतात, शरीरात होणाऱ्या बदलांची धास्ती असते आणि घरच्यांशी पहिला मतभेदही असतो. परंतु असे कथानक उभे राहायचे तर बालपण आणि लग्न यांच्यामध्ये काही मोकळी वर्षे असावी लागतात. एकोणिसाव्या शतकातील बहुसंख्य मराठी मुलींच्या आयुष्यात ही वर्षेच नव्हती. यमूची कहाणी प्रसिद्ध होत होती त्याच काळात, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. त्याने मुलीचे संमतिवय दहावरून अवघे बारा केले आणि तेवढ्यानेही पुण्या-मुंबईत वादाचे रान पेटले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरविले. ते अठरावर यायला १९७८ साल उजाडावे लागले.

कायद्याच्या कितीतरी आधी ही वर्षे मिळवून देण्याचे काम शाळेने सुरू केले होते. त्या इतिहासात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, स्थान महत्त्वाचे आहे. अमेरिकन मिशनचे काम नगरमध्ये १८३१ मध्ये सुरू झाले. १८२७ मध्ये बोस्टनहून मुंबईस आलेल्या सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिका १८३९ मध्ये नगरला आल्या. १८६२ मध्ये तेथेच त्यांचा मृत्यू झाला. तोवर मुलींच्या शाळा हेच त्यांचे कार्यक्षेत्र होते. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे फरारबाईंकडे घेतल्याचा उल्लेख त्यांच्या चरित्रांतून येतो. पुण्यातील फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या किशोरवयीन मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'ने छापला. हे नियतकालिकही १८४२ मध्ये नगरलाच सुरू झाले होते.

मैत्रीच्या दृष्टीने शाळेचे महत्त्व अक्षरओळखीपुरते नाही. घरात मुलीभोवती आई, आजी, काकू, वहिनी असतात. ही सारी नाती मानाची आणि कामाची. शाळेत मात्र समवयस्क मुली रोज भेटतात. तेथे कोणी कोणाची सून नसते, नणंद नसते. मैत्रीण हे मुलीने स्वतः निवडलेले बहुधा पहिलेच नाते. म्हणूनच त्या नात्यात दुरावा आला की तो इतका जिव्हारी लागतो आणि कादंबरीला तेथूनच विषय मिळतो.

याच बोस्टन शहरात १८६८-६९ मध्ये लुइसा मे अल्कॉट यांची 'लिटल विमेन' दोन भागांत प्रसिद्ध झाली. मेग, ज्यो, बेथ आणि एमी या चार बहिणी एकमेकींच्या मैत्रिणी होत मोठ्या होतात, एवढीच तिची गोष्ट. शांता शेळके यांनी ती 'चौघीजणी' या नावाने मराठीत आणली आणि परक्या देशातील ते घर मराठी मुलींना आपलेसे वाटले. ज्योची लिहिण्याची धडपड, मोठ्या बहिणीच्या लग्नाने तिला वाटणारे एकटेपण हे समजण्यास अमेरिका पाहिलेली असण्याची गरज नव्हती.

मात्र स्वतःच्या भूमीत रुजलेल्या अशा कादंबऱ्यांची उणीव अजून जाणवते. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' (२००४) या कादंबरीने किशोरवयाचे फार जिवंत चित्र उभे केले. परंतु तिचा निवेदक नववीतला मुलगा आहे. शिरोडकर दिसते ती त्याच्या नजरेतून. ती आपल्या मैत्रिणीशी काय बोलत असेल, हे वाचकाला कळत नाही. तो संवाद लिहिण्याचे काम शिल्लक आहे.

त्यासाठी लागणारे विश्व नगर जिल्ह्यात रोज दिसते. जामखेड तालुक्यातील चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव. १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाईंचेही लग्न बालवयातच झाले होते. आज त्यांच्याच नावाच्या योजनेतून ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. गावापासून शाळेपर्यंतचा तो प्रवास म्हणजे घर आणि वर्ग या दोहोंच्या नजरेबाहेरचा वेळ. जागा धरून ठेवणे, अबोला धरणे, मनातले सांगणे, सारे तेथेच घडते.

पण ही वर्षे सर्वांनाच मिळतात असे नाही. पाथर्डीसारख्या तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोडीला कुटुंबे बाहेर पडतात. वयात आलेल्या मुलीला मागे कोणाकडे ठेवायचे, या चिंतेतून आणि ऊसतोडीला नवरा-बायकोचा 'कोयता' लागतो म्हणूनही शाळा अर्धवट सुटते आणि अठरा पूर्ण होण्याआधीच लग्न उरकले जाते. बाकावरची एक जागा रिकामी होते आणि शेजारी बसणारी मैत्रीण एकटी उरते.

यमू-दुर्गीची गोष्ट त्यामुळे अजून जुनी झालेली नाही. मुलींच्या मैत्रीवरील कादंबरी हे फावल्या वेळचे हलके वाचन, असा एक समज असतो. परंतु ती लिहिता येण्यासाठी आणि निवांतपणे वाचता येण्यासाठी लागणारी वर्षे दीर्घ झगड्यातून मिळाली आहेत. शाळेच्या ग्रंथालयात अशी पुस्तके असावीत आणि ती वाचायला दहावीनंतरही मुली शाळा-महाविद्यालयात असाव्यात, या दोन्ही गोष्टींची काळजी एकत्रच घ्यावी लागेल.